नुसत्या डोळ्यांनी क्रॉसमॅच

३ मार्च

रक्तपेढीत नवं मशीन आलं. खोका उघडायला सगळे लग्नघरासारखे जमले. मी स्टुलावरून हललो नाही. इनचार्जबाईंनी सगळ्यांना समजावलं, की पेशंटचं रक्त दात्याच्या रक्ताशी जुळतं का त्याच्या गुठळ्या होतात, हे आता मशीन सांगेल. हेच काम, म्हणजे क्रॉसमॅच, मी सव्वीस वर्षं नुसत्या डोळ्यांनी करतोय. ट्यूब उजेडात धरायची, तळाला हलकी टिचकी मारायची. रक्त लाल धुरासारखं पसरलं तर जुळलं. खडे दिसले तर नाही जुळलं. विषय संपला.

ती टिचकी इनचार्जबाईंनाही मीच शिकवली. आता त्या इनचार्ज आणि मी सीनिअर. सीनिअर म्हणजे ज्याला कुणी काही विचारत नाही तो.

संकल्प: मशीनला उघडं पाडायचं.

४ मार्च

प्लॅन पक्का. पन्नास सॅम्पल आधी मी बघणार, मग तीच मशीनमध्ये घालणार. त्यावर पेपर लिहायचा, कॉन्फरन्सला वाचायचा. शीर्षक तयार आहे, 'अनुभवी डोळ्याला पर्याय नाही'. बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, काल तुम्ही निवडलेल्या तांदळात तीन खडे निघाले. तिला संशोधनातलं काही कळत नाही.

९ मार्च

पन्नास झाले. नऊ ठिकाणी मशीन चुकलं. नऊही ठिकाणी त्याला बारीक गुठळ्या दिसल्या, ज्या तिथे नव्हत्याच. इनचार्जबाईंनी त्या नऊ ट्यूबांतलं रक्त मायक्रोस्कोपखाली बघितलं आणि म्हणाल्या, गुठळ्या आहेत. मग बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, सर, एकदा डोळे तपासून घ्या.

'सर' म्हणाल्या. म्हणजे मनातून पटलंय. बाकी मायक्रोस्कोपचं काय, तोही मशीनच.

१० मार्च

लोकांची तोंडं बंद व्हावीत म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. ही मोठी रांग. माझ्यामुळे एखाद्या खऱ्या पेशंटचा नंबर हुकायला नको, म्हणून परत आलो.

१७ मार्च

ताई आमच्याच हॉस्पिटलात आली आहे. जिन्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. परवा ऑपरेशन. दोन पिशव्या रक्त तयार ठेवायला सांगितलंय.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. तिच्या लग्नात मी तिच्यापेक्षा जास्त रडलो होतो, हे ती अजून सांगते. आज वॉर्डात सगळ्यांना सांगत होती, की माझा भाऊ इथे रक्ताचा मोठा साहेब आहे. मी खोडून काढलं नाही. आजारी माणसाशी वाद घालू नये.

तुझं रक्त मी स्वतः बघेन, असा शब्द दिला. तिने माझा हात दाबला. म्हणाली, मग मला कसली काळजी.

१८ मार्च

ताईचं सॅम्पल कुणीतरी मशीनच्या रॅकमध्ये लावून ठेवलं होतं. काढून घेतलं. सख्खी बहीण आहे, त्या डबड्याच्या तोंडी कशी देऊ? इनचार्जबाई मीटिंगला गेल्या होत्या, त्यामुळे कटकट नव्हती.

ताईची चार बाळंतपणं झालेली. अशा बायकांच्या रक्तात कधीकधी परक्या रक्ताशी भांडणाऱ्या अँटिबॉडीज तयार असतात, आणि त्यांच्या गुठळ्या अगदी बारीक असतात. हे मला झोपेतही सांगता येईल. म्हणूनच तर हे काम माझ्या डोळ्यांचं. खिडकीशी गेलो, टिचकी मारली. लाल धूर. दुसरी ट्यूबही तशीच. मशीनवर पुन्हा तपासायचा नियम आहे, पण नियम नवशिक्यांसाठी असतात. दोन्ही पिशव्यांना हिरवा कंदील दिला.

१९ मार्च, संध्याकाळी

ऑपरेशन छान झालं. वॉर्डात आणल्यावर पहिली पिशवी लावली. थोड्याच वेळात ताईला हुडहुडी भरली. मग ताप, कंबरेत कळा. लघवी लाल झाली. नर्सने पिशवी बंद केली. मी म्हटलं, ऑपरेशन थिएटरचा एसी बाधला असेल. नर्स डॉक्टरांना फोन लावत होती.

इनचार्जबाईंनी तपासणी पुन्हा केली, मशीनवर आणि हातानेही. दोन्ही पिशव्या जुळत नव्हत्या. त्यांनी ट्यूब माझ्यासमोर उजेडात धरली, टिचकी मारली आणि म्हणाल्या, "बघा."

बघितलं. लाल धूर.

म्हटलं, "हो, आता दिसतायत."

२२ मार्च

ताई आयसीयूत. किडनीवर ताण आलाय. भाची बाहेरच्या बाकावर बसून असते. मी गेलो की उठून पाणी प्यायला जाते. तिला तहान फार लागते.

माझ्याकडे खुलासा मागितला. मुद्दे तयार आहेत. खिडकीची काच पुसलेली नव्हती, आकाश ढगाळ होतं, बहिणीच्या काळजीने मन थाऱ्यावर नव्हतं. शेवटचा मुद्दा जोरदार आहे. बायकोला वाचून दाखवला. तिने ताट वाढलं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन जेवली.

२५ मार्च

ताईचा ताप उतरला. लघवी स्वच्छ. मी म्हणतच होतो, आमच्या घराण्याची हाडं चिवट.

माझी बदली रक्तदात्यांच्या टेबलावर. त्यांचं वजन करायचं, नंतर बिस्किटं द्यायची. एका अर्थी हे जनसंपर्काचं काम. हॉस्पिटलला अनुभवी चेहरा हवा असणार.

२७ मार्च

ताई वॉर्डात परत आली. अंगात रक्त कमी आहे म्हणून आज आणखी एक पिशवी लावणार होते. म्हटलं, जाऊन धीर देऊ. मशीनवर तपासतील तेव्हा मी शेजारी उभा राहीन, असं सांगणार होतो.

पडदा ओढलेला होता. नर्स आत तिला सांगत होती, की घाबरू नका, या वेळी सगळं नीट तपासलंय.

ताई म्हणाली, "मला कुणाचंही रक्त चालेल, बाई. फक्त तपासणारा माझा भाऊ नको."

आत गेलो नाही. बिस्किटांचं टेबल उघडं टाकून आलो होतो.

घरी बायकोला म्हटलं, ताई काहीबाही बोलते आहे. मनावर घेण्यासारखं नाही. तापात माणसाला भान राहत नाही.

बायको म्हणाली, ताप तर परवाच उतरला ना?