हात मागे बांधून

प्रिय आई,

परवा फोनवर तू विचारलंस, "तुमच्या त्या छत्रीचं काय झालं वं?" तेवढ्यात मागून दादा ओरडला, "तिले हिवरखेडचं सांग आधी!" आज दोन्हींबद्दल लिहिते. आधी छत्रीचं, कारण हिवरखेडबद्दल मला जे वाटतं ते तिच्यामुळेच वाटायला लागलं.

तू दादाचं अमरावतीचं घर सोडून हिवरखेडला, जमुनामावशीच्या शेजारच्या दोन खोल्यांत एकटी राहायला जायचं म्हणतेस, तेव्हापासून त्याचा मला सारखा फोन असतो. "तुहं ऐकते ते. तू समजाव. माय पडली-बिडली तं लोक मले काय म्हणतीन?" त्याला हसू नकोस. लोकांचं नाव घेतो, पण घाबरलाय तोच. बाबांच्या वेळी धावपळ त्यानेच केली होती. आणि खरं सांगू, घाबरले मीही आहे.

आम्ही इथे बनवतोय ती दुर्बीण चंद्राच्याही पुष्कळ पलीकडे जाणार आहे. फार दूरच्या ताऱ्यांची मंद ऊब टिपायची, तर ती स्वतः गारठलेली हवी. नाहीतर तिला स्वतःचीच ऊब दिसत राहील. म्हणून तिच्या उन्हाच्या बाजूला ही पाच पदरांची छत्री. एकेक पदर केसाहून पातळ, आणि उघडला की तू शिकवायचीस त्या अकोल्याच्या शाळेच्या पटांगणाएवढा. रॉकेटच्या टोकात एवढी जागा कुठली? म्हणून आरसा तुकड्यातुकड्यांचा, दुमडलेला, आणि छत्रीही घड्या घालून बांधलेली. वर गेल्यावर प्रत्येक खुंटी सुटली पाहिजे, प्रत्येक दोरी ओढली गेली पाहिजे. एक पदर कुठे अडकला तर सोडवायला जाणार कोण? तू म्हणाली होतीस, "एवढे शिकलेले तुमी, अन् एक माणूस नाही पाठवता येत?" नाही येत गं.

म्हणून ती इथेच पुन्हा पुन्हा उघडून बघायची. इथे वजन असतं, तिथे नसणार. त्यामुळे पदर वरून दोऱ्यांनी, कप्प्यांनी तोलून धरतो, आणि आम्ही पांढऱ्या कपड्यांत भोवती उभे राहतो. प्रत्येक वेळी ती सुरेख उघडायची. गेल्या महिन्यात मात्र एका कोपऱ्यात अडकली. कारण सापडेना. शेवटी आमच्या शेखर सरांनी आधीच्या चाचण्यांचं चित्रण लावलं. दर वेळी त्याच कोपऱ्यात हातमोज्यातला एक हात पुढे यायचा आणि पदर अलगद उचलून द्यायचा. तो हात आमच्या कुलदीपचा होता. धामणगावचा आहे तो, आपल्याकडचाच. या खेपेला भावाच्या लग्नासाठी रजेवर होता, म्हणून पदर अडकला. परत आल्यावर त्याला दाखवलं तर तो स्वतःच चकित. "मले तं मालूमच नाही, मॅडम! फाटून जाईन वाटलं असन!" त्याला कोणीच रागावलं नाही. आमच्यापैकी कोणाचाही हात असाच गेला असता.

त्यानंतर सरांनी नियम केला, सगळ्यांनी हात मागे बांधून उभं राहायचं. पुढच्या चाचणीत ती पुन्हा अडकली. कुलदीप माझ्या शेजारी ओठ चावत होता, पण हलला नाही. मग एका खुंटीची कड घडीला घासते हे दिसलं. आम्ही घडी बदलली. परवा ती कोणाचाही हात न लागता उघडली.

घरी आले आणि दिवाळीतली तू आठवलीस. तू खुर्चीतून उठायला लागलीस की दादा, रागिणीवहिनी आणि मी, तिघंही हात पुढे करायचो. एकदा तू चिडून परत खाली बसलीस. "उठू द्यान मले!" आम्ही हसलो होतो. तुला एकटीला उठता येतं की नाही, हे आम्हा तिघांपैकी कोणालाच माहीत नाही. तुला तरी माहीत आहे का?

म्हणून माझं म्हणणं ऐक. हा हिवाळा हिवरखेडला काढून बघ. आम्ही कोणी सोबत राहणार नाही. तू अडशील कुठेतरी. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी, गोळ्यांच्या वेळेला, नाहीतर संध्याकाळच्या एकटेपणात. अडलीस की कळव. हिवरखेड काही चंद्रापलीकडे नाही, अकोटहून एस.टी. आहे. जे दुरुस्त होईल ते करू. नाहीच जमलं, तर अमरावतीची खोली आहेच, आणि त्यात कोणाची हार नाही. जमुनामावशीला विचारलं तर ती म्हणाली, "येऊ दे तिले. भांडाले मले बी कोणी पाह्यजेन."

दादाला मी हे कालच सांगितलं. तो चिडलाय. "तिकडे बसून तुले बोलाले काय जाते?" म्हणाला, आणि ते खोटं नाही. त्याने मला तुला अडवायला सांगितलं होतं, आणि मी अडवलं असतं तर तू थांबलीही असतीस. फोनवर मी काहीही म्हटलं की तू लगेच "बरं बाई" म्हणतेस. आधी बाबांना म्हणायचीस, आता आम्हाला. तुझ्या मनात काय आहे ते त्या "बरं"खाली राहूनच जातं. मी जा म्हटलं म्हणूनही तू जायला नको आहेस. म्हणून हे पत्र. पत्राला लगेच "बरं" म्हणता येत नाही. दोन-चार दिवस उशाशी ठेव, मला फोन करू नकोस, आणि मग जायचं की नाही ते तूच ठरवून दादाला तुझ्या तोंडाने सांग.

तुझीच, आणि तू काहीही ठरवलंस तरी तुझ्याच बाजूची,
आरती