भद्द

प्रिय वेडाबाई,

सगळं फिरलं ते आज सकाळी, तुझ्या बाबांच्या व्हॅनखाली 'खण्ण' वाजायला हवं तिथे 'भद्द' वाजलं तेव्हा.

थकलोय गं. चिडायचंही त्राण उरलं नाही, म्हणजे बघ. तपासणी केंद्रातले सगळे घरी गेलेत, मी खड्ड्याच्या कडेला पाय सोडून बसलोय. याच खड्ड्यात उतरून दिवसभर मान वर करून गाड्यांची पोटं बघायची. मी कॉलेज सोडलं तेव्हा तू म्हणाली होतीस, आकाशाकडे बघत चालतोस, आपटशील. आता वर बघितलं की डोळ्यांत ऑइल गळतं.

बाबा आले ते हसत. आजवर माझ्याशी 'हं'च्या पुढे न बोललेला माणूस, आणि चारचौघांत म्हणतो, "काय जावईबापू, होईल ना आमची म्हातारी पास?" मी खड्ड्यात होतो म्हणून बरं, नाहीतर तिथेच नाचलो असतो. या एका शब्दासाठी किती जीव टाकला होता मी, तुला ठाऊक आहे. ब्रेक ठीक निघाले, दिवे ठीक. मग चासीवर, म्हणजे अख्खी गाडी ज्यावर उभी असते त्या लोखंडी सांगाड्यावर, हातोडीने ठोकत मागे सरकलो. धड लोखंड खण्ण बोलतं. मागच्या डाव्या चाकापाशी ते बोलेना. ताजा काळा रंग खरवडला, तर आत पुट्टी भरलेली, भिंतीची भोकं बुजवतात तशी. स्क्रूड्रायव्हर ओल्या पुठ्ठ्यात शिरावा तसा आरपार गेला. आणि मला ते 'जावईबापू' पुन्हा ऐकू आलं. तेही भद्द.

मी नापास लिहिलं. बाबा म्हणाले, इतकी वर्षं चालली, आताच काय धाड भरलीय तिला? माझं डोकं तुला माहीत आहे. म्हटलं, मोडेल ना, तेव्हा मला जावई म्हणायला कुणी उरायचं नाही. बाबा उसळले, "स्वतःला कॉलेज पास होता आलं नाही, आणि निघालाय मला नापास करायला!" सगळे हसले. दुपारी तुझा फोन. "एवढंसं जमलं नाही तुला माझ्यासाठी?" आणि ठेवलास. तुझ्यासाठीच केलं गं. रोज पुढच्या सीटवर तूच बसतेस, मागे शाळेची पोरं.

मघाशी साहेबांनी बोलावलं. बाबा त्यांना भेटून गेले होते. साहेब म्हणाले, "उद्या गाडी परत येतेय, मी स्वतः ठोकतो. मला सगळं खणखणीतच ऐकू येतं."

म्हणून हे पत्र. उद्या गाडी पास होईल, आणि परवा सकाळी मी शाळेच्या फाटकाशी उभा राहून प्रत्येक आईबापाला सांगेन. मग तुझं घर मला कायमचं बंद, कळतंय मला. त्याआधी तू ऐक. पत्रासोबत माझी हातोडी ठेवतोय. गाडीखाली शिर, आधी पुढे ठोक, मग मागे, डाव्या चाकापाशी. माझं ऐकू नकोस, तिचं ऐक. बाबा तुझा शब्द मोडत नाहीत. तू थांबवलंस, तर मला फाटकाशी जावं लागणार नाही.

माझा बिल्ला साहेबांच्या टेबलावर ठेवलाय, परत घालायचा नाही. आता हे तुझ्या उंबऱ्यावर ठेवायला निघतो. इथलं दार लोखंडी आहे. बाहेर पडून ओढून घेतलं की खण्ण वाजतं.

तुझाच,
भडकू