शालूच्या पायघड्या

प्रिय आई,

फोनवर तू नुसती 'हं' म्हणतेस आणि समोर आले की चहा टाकून विषय बदलतेस, म्हणून हे पत्र. वजीरमामांचा टेम्पो दुपारी दौंडहून आपल्या गावाकडे निघेल, त्यांच्या हाती देतेय. चष्मा लावून नीट वाच, अर्ध्यात ठेवू नकोस.

आम्हा शिक्षकांचं नाटक बसतंय, रेल्वे कॉलनीतल्या हॉलमध्ये. हजारो वर्षांपूर्वीची ग्रीक शोकांतिका. हसू नकोस, पण मला राणीचं काम नाही मिळालं, पकडून आणलेल्या एका बाईचं मिळालं. तिला पुढचं सगळं आधीच दिसतं, राजवाड्याच्या दारातच रक्ताचा वास येतो, आणि ती कितीही ओरडली तरी कुणी विश्वास ठेवत नाही. गावातली म्हातारी माणसं घोळक्यानं उभी राहून नुसती हळहळतात, अगदी आपल्या पारावरच्या मंडळींसारखी. तालमीत मला फार हसू यायचं. परवापासून येत नाही.

गोष्ट अशी, की राजा लढाई जिंकून घरी येतो. निघताना गलबतांना वारा मिळावा म्हणून त्यानं स्वतःच्या थोरल्या लेकीचा बळी दिलेला असतो. राणीनं ते मनात धरून ठेवलेलं. आता मात्र ती हसतमुखानं त्याच्यासाठी तांबड्या पायघड्या अंथरते. तो त्यांवरून आत जातो आणि जिवंत बाहेर येत नाही.

परवा शेजारच्या सोजरकाकूंचा फोन आला. म्हणाल्या, "तुझी आई लई खुशीत हाय गं. आप्पा बाजार समितीवर निवडून आलं म्हणून पायघड्या शिवतीया. सुलक्षणाचा लग्नातला शालू फाडलाय तिनं! आन् कांद्यावर फवारायचं औषध फडताळात कशाला आणून ठिवलंय, इचारलं तर नुसती हसली." आई, पायघड्या आपण धुतलेल्या पांढऱ्या कापडाच्या घालतो. मेलेल्या लेकीचा शालू कुणी नवऱ्याच्या पायाखाली घालतं का?

सुलक्षणाताई शिरूरहून, सासरहून माहेरी निघून आली तेव्हा तिच्या पाठीवरचे वळ तू मला दाखवले होतेस. तिच्या सासऱ्यांच्या हाती मतं होती, म्हणून आप्पांनी तिला गाडीत बसवून परत पोचवलं. मग ती विहिरीत सापडल्याचा निरोप आला. तू रडली नाहीस. तेव्हापासून मला तुझी भीती वाटते. उद्या त्याच मतांवर निवडून आलेले आप्पा गुलालात माखून दारात येतील, तू ओवाळशील, बासुंदीची वाटी पुढं करशील. डोळे मिटले की हेच दिसतं. मला उगाच भलतंसलतं दिसत असेल तर खुळी म्हण, थोबाडीत दे, मला चालेल.

आप्पांना माफ कर असं मी सांगणार नाही, मीही केलेलं नाही. उद्या मिरवणूक आली की तो शालू हातात घेऊन आपण दोघी उंबऱ्यात उभ्या राहू आणि सगळ्या गावासमोर त्यांना जाब विचारू. पण ती औषधाची बाटली आजच रानातल्या खोलीत परत ठेव. मी संध्याकाळच्या डेमू गाडीनं येतेच आहे. आणि एक सांगायचं राहिलं. त्या राणीला आणखी एक मुलगी असते. पायघड्या अंथरताना तिचं पुढं काय होईल, हे राणीच्या मनातसुद्धा येत नाही. तू तिचा विचार कर, आई. ती मी आहे.

तुझीच, उरलेली,
मोनाली