शेजारच्या मावशींची श्रुतिका

आई,

परवा बऱ्याच वर्षांनी पिंपरीच्या आपल्या कॉलनीत गेले. तुझ्यावर कार्यक्रम होता. नाटककार, श्रुतिकाकार, कामगारांची घरं रेडिओवर आणणारी बाई, असं काय काय लोक बोलले. मला चार शब्द बोलायला सांगितलं, तर मी आपल्या स्वयंपाकघराबद्दल बोलले. पहिल्या शिफ्टचा भोंगा होऊन बाबा कंपनीत गेले की तू स्टोव्ह बंद करायचीस, पोळपाट बाजूला सारून कागद पसरायचीस आणि सगळ्यांचे संवाद मोठ्याने म्हणून बघायचीस. सासरा, सून, मुकादम, सगळे तूच. लोक हसले. शेजारच्या मावशींचा विषय मी काढला नाही. काढायला तोंडच नव्हतं.

मावशी चाकणकडच्या शेतकरी घरातल्या. काकांच्या उजव्या हाताची बोटं कंपनीत प्रेसखाली गेली, तेव्हापासून रोज सकाळी त्यांच्या पायजम्याची नाडी मावशी बांधायच्या. नळावर पाणी भरताना त्यांनी हे तुला सांगितलं आणि थोड्याच दिवसांत ते रेडिओवर आलं. संध्याकाळ आहे, आपल्या दारात सगळी आळी जमली आहे, कारण रेडिओ आपल्याकडेच. मावशी कौतुकाने पुढे बसल्यात. श्रुतिकेतली बाई नवऱ्याला म्हणते, "हात वर धरा, कुणी बघत नाही." मावशींनी पदर तोंडाला लावला. मागे कुणीतरी हसलं. मग कंपनीत सुरू झालं, "काय राव, आज नाडी कुणी बांधली?" काकांनी कँटीनमध्ये जेवायला जाणंच सोडलं.

मावशी आल्या त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. "ताई, मी तुमच्यापाशी बोलले व्हते, रेडिओपाशी न्हाई."

"अहो, पण मी नाव कुठे घेतलं?" तू म्हणालीस आणि पोळी लाटत राहिलीस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे तीच श्रुतिका तू रंगमंचासाठी वाढवलीस, कामगारांच्या नाट्यस्पर्धेत तिला बक्षीस मिळालं आणि तुझं नाव झालं. ते दोघं आळंदीकडे राहायला गेले. तू एकदाही तिकडे फिरकली नाहीस. मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "तो प्रसंग काढला असता तर नाटकात उरलं काय असतं?" ते खरं होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. लग्नानंतर सासरी कुणी विचारलं की मी सांगायचे, आई घरीच असते.

परवा कार्यक्रमात कलाकारांनी नेमका तोच प्रसंग करून दाखवला. मान खाली घालून बसायचं असं मी ठरवूनच गेले होते. पण पहिल्या दोन वाक्यांतच डोळे भरून आले आणि शेवटी टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. घरी आल्यावर मावशींचा आवाज आठवून पाहिला. येत नाही. त्या दारात उभ्या दिसतात, पण बोलायला लागल्या की आवाज तुझ्या रेडिओवरच्या बाईचा येतो. हे पत्र तुला धाडायला तू नाहीस, मावशींकडे न्यायची माझी हिंमत नाही. आणि सांगायलाही लाज वाटते, मला तो रेडिओवरचा आवाजच जास्त आवडतो.