तांब्याच्या पाटीचा धूर

सूनबाई,

आल्या आल्या मागच्या खोलीत जाऊ नकोस. तुझ्या नावाची तांब्याची पाटी करत होतो, तूच शिकवलेल्या अक्षरांत. पाटीवर मेण लावून त्यात अक्षरं कोरली, मेणावर धूळ बसू नये म्हणून खिडकी लावून घेतली आणि घाईत ॲसिड पातळ न करताच ओतलं. तांबं फसफसलं, खोलीभर तांबूस धूर झाला. तेव्हाच पळायला हवं होतं, पण मी आधी पाटी उचलून पाण्यात टाकली. नाव साफ उठलंय. आडनाव मात्र ॲसिडनं खाल्लं, त्यावर तुझा नवरा रुसेल.

बादलीतल्या निळसर पाण्याला हात लावू नकोस. दोन थेंब उडाले तर संगमरवरी उंबऱ्याला फेस आला आणि खड्डे पडले.

खोकला किरकोळ आहे, पण हा धूर उशिरा गाठतो, म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात निघालोय. शेजारची ताई रिक्षा बघायला गेलीय. "म्हातारपणी कसले उद्योग करता?" म्हणून तिनं चांगलं झापलं. तू धावत येऊ नकोस. आधी जेवून घे.

लिहितालिहिताच श्वासाला शिट्टी लागली आहे. नवऱ्याला कळवू नकोस. जेवण राहू दे, तू ये.

बाबा