ओसरीवरचा पुष्पोद्योग

जठारपेठ, अकोला
मार्गशीर्ष, शके १८५८

प्रिय जयवंता,

अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या पाठोपाठ एक अशुभ वृत्त. तुझ्या आईने आपल्या ओसरीवर ज्या पुष्पोद्योगाची प्रतिष्ठापना केली, आणि तिच्या पश्चात पार्बताबाईने व इतर बायांनी जो अखंड चालवला, तो म्युनिसिपल कमिटीच्या ठरावाने बंद झाला आहे. ओसरी आता निर्मनुष्य आहे. असे लिहिताना मी स्वतःला मनुष्यांत गणलेले नाही, हे चाणाक्ष कन्येच्या ध्यानी येईलच.

प्रकरणाचा उगम शेजारच्या भगवंतरावांच्या अर्जात. वसतीच्या आळीत व्यापार चालतो, पहाटे बायांचा कोलाहल होतो, शेवंतीवर मधमाश्या येतात, आणि फुलांच्या छकड्यांमुळे स्वतःच्याच दारातून बाहेर पडणे दुष्कर होते, असे त्यांचे म्हणणे. त्यात असत्य काहीच नव्हते. मधमाशीने त्यांच्या नासिकेवर केलेले शिक्कामोर्तब तर कमिटीपुढे प्रत्यक्ष प्रमाण म्हणून सादर झाले. अर्जाची भाषा मात्र दरिद्री होती. कचेरीच्या आवारात बसून उभ्या तालुक्याचे अर्ज लिहिणारा तुझा बाप भिंतीपलीकडे असताना त्यांनी तो स्वहस्ते खरडावा, याचेच मला अधिक दुःख झाले.

कमिटीची भूमिका न्याय्य होती. चार बायांनी घरी बसून हार गुंफले तर तो गृहोद्योग, त्याला हरकत नाही. परगावी गाड्या भरून माल जात असेल तर तो व्यापार, त्याने बाजारात जावे. सुनावणीच्या आदल्या सायंकाळी ओल्या पोत्याखाली फुले झाकता झाकता पार्बताबाई म्हणाली, "भाऊ, तुमी तिथं लय बोलू नोका. चार बाया घरी हार गुंफतात, इतकंच सांगजा."

अर्जनवीसाला मितभाषणाचा उपदेश! दुसऱ्या दिवशी कमिटीपुढे मी उभा राहिलो, उपरणे सावरले, आणि म्हणालो की मोर्शीपासून बाळापुरापर्यंतचे विवाहमंडप ज्या पुष्पमाल्यांनी सुगंधित होतात, ज्या मुंडावळ्यांवाचून वऱ्हाडातील वधूवरांना परस्परांची ओळखही पटू नये, त्यांचे उगमस्थान ही माझी ओसरी होय. दारातल्या छकड्यांना मी ऐरावतांच्या रांगेची उपमा दिली. टाळ्या पडल्या, भगवंतरावांनीही वाजवल्या. मग अध्यक्षांनी सौम्यपणे विचारले की एवढा माल खरोखरच बाहेर जातो काय. मी तेव्हा उपमेच्या शिखरावर आरूढ होतो. तिथून खाली पाहण्याची सोय नसते. मी म्हणालो, "याहून अधिक." ठराव तिथल्या तिथे संमत झाला.

पार्बताबाई रागावली नाही, हेच मला जड गेले. पायरी उतरताना एवढेच म्हणाली, "बोल्ले मात्र बेस, भाऊ. आता बजारात जागा पाहा लागन आमाले." जागा मिळालीही, आणि तिथे गिऱ्हाईकही बरे आहे असे ऐकतो. म्हणजे या निकालाने कोणाचेच अकल्याण झाले नाही. आळी शांत झाली, बाया मार्गी लागल्या, भगवंतरावांची नासिका पूर्वपदावर आली.

राहिला प्रश्न या घराचा. पूर्वी फुलांवर शिंपडलेले पाणी माझ्या वर्तमानपत्रावर उडे आणि मी संस्कृतात संतापत असे. आता वर्तमानपत्र कोरडे असते आणि वाचवत नाही. कोणाच्या सासूने काय म्हटले, हे मला झोपेतच कळत असे. आणि एखादीची गाठ सैल पडली की दुसरी हमखास म्हणे, दुर्गाबाई असती तर सारा हार उसवायला लावला असता. तुझ्या आईचे नाव असे रोज कोणाच्या ना कोणाच्या तोंडी येई. आता ते घ्यायला मीच उरलो आहे, आणि मोठ्याने घ्यावे तर ऐकायला कोणी नाही. मधमाश्या अजून येतात. ओसरीवर एक फेरी घालतात आणि परत जातात. त्यांना ठराव कोणी वाचून दाखवलेला नाही.

जयू, दिवाळीत तू आणि सहदेवराव मला अमरावतीला न्यायला आला होतात, आणि आमच्याकडे राहायला येता का, असे तू विचारले होतेस. मुलीच्या घरच्या अन्नाविषयी मी शास्त्रार्थ सांगितला, आणि एवढ्या कारखान्याच्या अधिपतीने प्रस्थान कसे ठेवावे, असे म्हणून तुम्हां दोघांना हसवले. हसता हसता तू तोंड फिरवलेस, ते मी पाहिले होते. आता कारखाना नाही आणि शास्त्र मला आठवत नाही. पार्बताबाईचे या खेपेस ऐकतो आणि इतकंच सांगतो: मला इथे करमत नाही. तू तो प्रश्न पुन्हा एकदा विचार.

उत्तर तयार ठेवून प्रश्नाची वाट पाहणारा,
तुझाच
बाबा