सहा म्हणजे हो, सात म्हणजे नाही

१२ जानेवारी, सोमवार

डायलिसिस न होताच परत आलो! पहाटेच्या थंडीत अमडापूरहून खामगावपर्यंत प्रसेनजितच्या मोटरसायकलवर मागे बसून गेलो, कानाला मफलर, पोटात पोळीचा अर्धा तुकडा — आणि केंद्रात पोचलो तर यादीत माझं नावच नाही. काउंटरवरची राखी स्क्रीनकडे बघते, माझ्याकडे बघते, परत स्क्रीनकडे.

"सर, तुमचा नंबर रद्द दाखवून राह्यलं."

कोणी केला? "माहीत नाई, सर." उद्या सकाळी एक मशीन रिकामं आहे, तेव्हा या म्हणाली. उद्यापर्यंत अंगातलं पाणी अंगातच. संध्याकाळी पायात चप्पल जाईना. घरी बायको, धम्मशीला, रागावली, पण रागवायचं कोणावर ते तिलाही कळेना, म्हणून माझ्यावर.

जाऊ दे. आता थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. फेब्रुवारीत नागपूरच्या दवाखान्यात, किडनी बदलायची परवानगी देणाऱ्या समितीपुढे जायचं. आईला साखर आहे, धम्मशीलाचा रक्तगट जुळत नाही, धाकट्या भावाची, प्रसेनजितची किडनी मात्र माझ्याशी छान जुळते. आणि तो हो म्हणाला आहे.

१३ जानेवारी, मंगळवार

आज झालं डायलिसिस. हलकं वाटतंय.

राखीचे डोळे सुजलेले. व्यवस्थापक गुलाबरावांनी तिला सगळ्यांसमोर झापलं — "एक बटन दाबता येत नाई तर कायले बसली इथं?" माझ्याआधी गेल्या आठवड्यात कडूबा म्हणून एक म्हातारे असेच परत गेले होते. आता तिसऱ्यांदा झालं तर घरी बसायचं, असं त्यांनी तिला सांगून टाकलं.

मी तिला जवळ बोलावून नीट विचारलं. गेल्या आठवड्यापासून कॉम्प्युटरवर यादीची नवी फाइल आली आहे. आदल्या संध्याकाळी ती सगळ्यांना फोन लावते. ज्याने उचलला त्याचं नाव पक्कं. ज्याने उचलला नाही त्याच्यासाठी कॉम्प्युटर एक चौकट दाखवतो — नंबर रद्द करायचा का? यस, नो. मी संध्याकाळी संगणकाच्या क्लासमध्ये शिकवत असतो, फोन मुका. कडूबांच्या गावात रेंज नाही. म्हणजे चौकटीचा फटका आम्हा दोघांनाच. बाकी जे फोन उचलत नाहीत ते तसेही येत नाहीत.

"मग तू काय दाबलंस?"

"नो! दोन्ही वेळा नोच दाबलं, सर. तुम्ही येताच हे का मले माहीत नाई?"

मुलगी खोटं बोलत नाही. आणि यादी तर रद्दच दाखवते. या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर मधे काहीतरी बसलं आहे. गुरुवारी येणार हे तिला आत्ताच सांगून नाव पक्कं केलं, पण ते शोधल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. दुसरं काम काय आहे मला तिथे चार तास पडून?

१५ जानेवारी, गुरुवार

सापडलं!

पण आधी गुलाबराव. त्यांना म्हटलं, ती एक्सेलची फाइल मला बघू द्या. "पेशंटनं पेशंटसारखं राह्यलं पाह्यजे, मास्तर." मी म्हटलं, पेशंटसारखाच राहीन, झोपूनच बघतो. हसले. मग परवानगी मिळाली, राखीने समोर बसायचं या अटीवर.

डाव्या हातात दोन सुया, रक्त मशीनमध्ये जातंय-येतंय, आणि उजव्या हाताच्या एका बोटाने मी मॅक्रो, म्हणजे फाइलच्या पोटातला छोटा प्रोग्राम, उघडला. कोण्या पोराने लिहिला आणि तो पुण्याला निघून गेला, असं राखी म्हणाली. मराठी अक्षरं त्या चौकटीत उमटेनात म्हणून प्रश्न रोमन अक्षरांत लिहिलेला. तिथवर ठीक. पुढची ओळ वाचली आणि मी परत वाचली.

चौकटीत बटण दाबलं की ती मॅक्रोला शब्द देत नाही, आकडा देते. यस दाबलं तर सहा. नो दाबलं तर सात. मग आपण विचारायचं असतं, की बाबा, उत्तर सहा आहे का? असेल तरच रद्द कर. या पठ्ठ्याने नुसतं लिहिलं होतं — उत्तर असेल तर रद्द कर. आता कॉम्प्युटरच्या हिशेबात शून्य म्हणजे खोटं, आणि शून्य सोडून काहीही आलं की खरं. सहाही खरं, सातही खरं. राखीने काहीही दाबलं तरी नंबर जाणारच होता! नुसतं विचारायचं नाटक.

मला इतकं हसू आलं की हात वाकला आणि मशीनने आरडाओरडा सुरू केला. सिस्टर धावत आली. हात सरळ केला, बोलणी खाल्ली, मग दुरुस्त केलं. "उत्तर सहा असेल तरच." एवढंच जोडलं. आणि आणखी एक — आधीपासून निवडलेलं बटण यस होतं, ते नो केलं. घाईत कोणी नुसतं एंटर मारलं तरी कोणाचं काही जाऊ नये. राखीने एक खोटं नाव घालून पाहिलं. नो दाबलं. नाव जागेवर! तिने परत दाबलं, परत जागेवर. चार-पाच वेळा दाबत बसली.

गुलाबराव आले, पाहिलं, म्हणाले, "बरं झालं. राखी, आता ध्यान ठेव." मी म्हटलं, तसं नाही गुलाबराव. ती पहिल्यापासून बरोबर सांगत होती, तेवढं एकदा बोला. झापलं सगळ्यांसमोर, तर हेही सगळ्यांसमोर. मग बोलले. वाईट माणूस नाही.

येताना गाडीवर प्रसेनजितला सगळं सांगितलं. तोही हसला. "म्हंजे दादा, सात म्हटलं तरी सहाच?"

"हो ना."

मग तो गाव येईपर्यंत काही बोलला नाही. मला वाटलं, वारा आहे.

१६ जानेवारी, शुक्रवार

प्रसेनजितचे पोलीस भरतीसाठी पळायचे बूट दाराजवळच्या खिळ्याला टांगलेले आहेत. चिखल वाळून तळ पांढरा पडला आहे. दिवाळीपासून तसेच असावेत. मी आज पाहिले.

१८ जानेवारी, रविवार

दोन दिवस डोक्यातून जात नाही. आठवून लिहून काढतो.

दिवाळीनंतरची गोष्ट. तपासण्यांचे कागद घेऊन आलो, सगळे ओट्यावर बसलो होतो. आईने विचारलं, "प्रसेन, देशील ना बाप्पा भावाले?" तो म्हणाला, "पाहू." आई धम्मशीलाकडे वळून म्हणाली, "हो म्हणला वं." आणि रडायला लागली.

मग एकदा जेवताना तो म्हणाला, "आई, पोलीस भरती निघून राह्यली. मेडिकलमध्ये एका किडनीवाल्याले —" आई म्हणाली, भरती काय, पुढच्या साली निघंन. भाऊ पुढच्या साली भेटंल का? हेही हो धरलं गेलं.

नंतर तो काही बोललाच नाही. मामा आले, मावशी आली, सगळ्यांनी पाठ थोपटली. तो खाली बघून बसला. तेही हो.

आणि मी? मी समोरच होतो. मला तर हो ऐकायचंच होतं.

त्या पोराच्या मॅक्रोला निदान शून्य तरी नाही म्हणून कळत होतं. आमच्या घरात शून्यसुद्धा हो!

१९ जानेवारी, सोमवार

यादीत नाव होतं. पलीकडच्या खाटेवर कडूबा. "मास्तर, आता कटत नाई म्हंते नंबर?" म्हटलं, आता नाही कटत बाबा. राखीने मला चोरून चहाचे दोन घोट दिले. पाणी मोजून प्यायचं असतं, पण दोनच घोट.

डॉक्टर मॅडमना विचारलं, समिती नेमकं काय विचारते? म्हणाल्या, दात्याला एकट्याला आत बोलावतात. कोणाचा दबाव आहे का विचारतात. तो तिथे नाही म्हणाला तर तिथेच थांबतं सगळं.

एकट्याला! पण दाराबाहेर आई, धम्मशीला, मी, मामा. पोरगा आत जाऊन काय सांगणार आहे? तिथेही त्याच्या हाताखाली एकच बटण असेल.

नागपूरच्या आधी हे मलाच नीट विचारावं लागणार.

२० जानेवारी, मंगळवार

धम्मशीलाला सांगितलं. ऐकून घेतलं तिने, हातातली भाजी निवडतच.

"तो हो म्हणला ना? मंग तुम्ही कायले उकरून राह्यले?"

"तो हो म्हणालाच नाही, धम्मशीला. आपण म्हणालो."

"असू द्या." भाजी बाजूला ठेवली. "मले तुम्ही पाह्यजे. मले बाकी काई समजत नाई."

तिचं चुकतंय असं मला वाटत नाही. ती आठवड्यातून दोनदा माझे पाय दाबून बघते, सुजेचा खड्डा पडतो का. मला भीती वाटते, खूप वाटते. माझ्याआधी केंद्रातल्या त्या खाटेवर जे होते ते आता नाहीत. पण विचारणार. ठरलं म्हणजे ठरलं.

२२ जानेवारी, गुरुवार

येताना गाडी थांबवायला लावली, रस्त्याकडेच्या एका बाभळीखाली. आजूबाजूला कोणी नाही, फक्त तुरीचं शेत. कसं विचारायचं ते चार तास खाटेवर पडून ठरवलं होतं. मॅक्रो दुरुस्त केला तसंच.

"प्रसेन, किडनी देण्याचं. आजपर्यंत तुला कोणी विचारलंच नाही. आज विचारतो. तोंडाने उत्तर देऊ नको. मेसेज कर, फक्त आकडा. सहा किंवा सात. रविवारी सकाळपर्यंत."

तो गाडीच्या हँडलवरची धूळ पुसू लागला.

"आणि काहीच पाठवलं नाहीस तर मी सात समजेन."

"काऊन?"

"तसंच ठेवलंय. तू गप्प राहिलास म्हणून तुझं काही जाऊ नये."

"आई?"

"आईला मी सांगेन, मलाच नको. रागावेल ती माझ्यावर रागावेल. मला सवय आहे."

"अन् तुमचं काय, दादा?"

म्हटलं, माझं मशीन आहे. नोंदणीच्या यादीत नाव घालीन, मेलेल्या माणसाची मिळते कधीमधी. हे मी अगदी सहज बोललो.

त्याने गाडीला किक मारली. घरापर्यंत हळू चालवली, एकही खड्डा लागू दिला नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

मेसेज नाही.

२४ जानेवारी, शनिवार

नाही. मोबाईल उपडा ठेवला आहे, दर थोड्या वेळाने सुलटा करतो. क्लासमधली पोरं बघून हसली.

मला सहा हवा आहे. लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय. मला सहा हवा आहे, मला चार तांबे पाणी प्यायचं आहे, धम्मशीलाला घेऊन कुठेतरी लांब जायचं आहे. पण उत्तर असेल तर हो, असं मला नको. सहा असेल तरच.

२५ जानेवारी, रविवार

सकाळी उठलो तर खिळ्यावर बूट नव्हते.

मोबाईल उघडला. एकच आकडा. ७.

मोबाईल घेऊन ओट्यावर आलो. मग लिहिलं — कळलं. उद्या खामगावला सोडशील ना?

लगेच आलं — हाव, दादा.